ट्रान्समिशनचा स्पीड सेन्सर: नवा मागवण्याआधी काय काय तपासायचं

गिअर अडकला, डॅशबोर्डवर ट्रान्समिशनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर ‘आउटपुट स्पीड’चा कोड आला, की साइटवरून पहिला फोन जातो तो पार्टवाल्याला. सेन्सर येतो, बसतो, दिवा चार दिवस गप्प राहतो आणि परत पेटतो. मग दुसरा सेन्सर. तोवर क्रशरवर डंपरची रांग आणि मालकाचा चढलेला आवाज. कोल्हापूरजवळच्या टोपच्या खाणींत, महामार्गाच्या कामावर, साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचं चिपाड) यार्डात मशीन ज्या धुळीत, पाण्यात आणि उंदरांत राबतात, तिथं सेन्सरच्या आधी वायर आणि कपलर (वायरी जोडणारा प्लग) जातो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळं या लेखात सेन्सर बदलायचं काम शेवटी येईल.

लेख आहे तो इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर चालणाऱ्या पॉवरशिफ्ट ट्रान्समिशनसाठी (आतले क्लच तेलाच्या दाबानं लागून गिअर बदलतात ते), म्हणजे व्हील लोडर, मोटर ग्रेडर, मोठे डंपर. हाताने गिअर टाकायच्या बॅकहो लोडरमध्ये असा सेन्सर असलाच तर तो बहुधा स्पीडोमीटरपुरता असतो. तिथं गिअर अडकला तर दोष दुसरीकडं शोधा.

कंट्रोलरला हे आकडे कशाला लागतात

ट्रान्समिशनच्या कंट्रोलरला किमान दोन-तीन वेग हवे असतात: इंजिनचा, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) बाहेर पडणाऱ्या टर्बाइनचा आणि चाकांकडे जाणाऱ्या आउटपुट शाफ्टचा. काही गिअरबॉक्समध्ये मधल्या शाफ्टवरही एक सेन्सर असतो. या वेगांचा मेळ घालूनच कंट्रोलर ठरवतो की पुढचा गिअर कधी टाकायचा, क्लचमध्ये तेल किती वेळ भरायचं, लॉकअप (कन्व्हर्टरला थेट जोडणारा क्लच) लावायचा की नाही, आणि मशीन जोरात पुढं जात असताना ऑपरेटरनं रिव्हर्स ओढला तर तो मानायचा की नाही. एक आकडा गायब झाला की कंट्रोलर धोका पत्करत नाही. गिअर धरून ठेवतो, वरचे गिअर बंद करतो, नाहीतर सरळ न्यूट्रल करतो. ऑपरेटरच्या भाषेत ‘मशीन दुसऱ्यातच अडकली’.

सेन्सर मुख्यतः दोन जातींचे. पहिला मॅग्नेटिक पिकअप: आत चुंबक आणि तांब्याची कॉइल, वायरी दोन, बाहेरून सप्लाय नाही. समोरून गिअरचा दात गेला की तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. वेग वाढला की व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही वाढतात. मशीन अगदी हळू चालत असेल तर सिग्नल इतका बारीक होतो की जरासा ढिला कपलरही तो खाऊन टाकतो. दुसरा हॉल सेन्सर: वायरी बहुधा तीन, म्हणजे सप्लाय, ग्राउंड आणि सिग्नल. त्याला बाहेरून वीज लागते. तो चौकोनी पल्स देतो आणि अगदी कमी वेगालाही नीट चालतो.

दोन वायरींचेही हॉल सेन्सर असतात, आणि फसगत होते ती तिथंच. वायरी मोजून जात ठरवू नका, मशीनचा सर्किट डायग्राम बघा. हॉल सेन्सरला ओहममीटर लावून काही कळत नाही, आणि ‘रेझिस्टन्स येत नाही, म्हणजे गेला’ असं म्हणत चांगले सेन्सर भंगारात गेलेले आहेत.

कोड काय सांगतो

जे-१९३९ (अवजड मशीनच्या कंट्रोलरांची सामायिक भाषा) पद्धतीचा कोड असेल तर त्यात दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो कुठल्या गोष्टीबद्दल तक्रार आहे: १९० म्हणजे इंजिनचा वेग, १६१ म्हणजे ट्रान्समिशनच्या इनपुट शाफ्टचा, १९१ म्हणजे आउटपुट शाफ्टचा. बहुतेक जण इथंच थांबतात. खरी माहिती दुसऱ्या आकड्यात, म्हणजे एफएमआयमध्ये असते. ३ आला तर व्होल्टेज जास्त किंवा वायर सप्लायला चिकटलेली. ४ म्हणजे व्होल्टेज कमी किंवा वायर ग्राउंडला टेकलेली. ५ म्हणजे करंट कमी, बहुधा वायर तुटलेली किंवा कपलर सुटलेला. २ म्हणजे सिग्नल येतो-जातो किंवा पटण्यासारखा नाही. ८ म्हणजे फ्रिक्वेन्सी गडबडलेली, १० म्हणजे वेग एकदम अशक्य इतका बदललेला.

३, ४, ५ आले तर मल्टिमीटर घेऊन वायरिंगमागं लागा. २, ८ किंवा १० आला तर गॅप (सेन्सरचं तोंड आणि गिअरचा दात यांतलं अंतर), दात, सैल पिन आणि शेजारच्या जाड केबल, हे सगळं यादीत घ्या. यातला कुठलाही आकडा ‘सेन्सर बदला’ असं सांगत नाही. कंट्रोलरला दिसतं ते आपल्या पिनवर आलेलं व्होल्टेज. पलीकडं सेन्सर मेलाय, वायर तुटलीय की उंदरानं जेवण केलंय, हे त्याला कळायला मार्ग नाही.

काही कंपन्यांचे कोड वेगळ्या धाटणीचे असतात, त्यांची यादी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. कोड पुसण्याआधी फोटो काढा, आणि किती वेळा आला आणि किती तासांना आला हे स्क्रीनवर असेल तर तेही टिपा.

आधी ऑपरेटरशी बोला

पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं ऑपरेटरजवळ बसा. ‘काय झालं?’ असं विचारलं तर ‘गिअर पडंना’ एवढंच उत्तर मिळेल. म्हणून नेमकं विचारा. सकाळी गार असताना होतं की दुपारी तापल्यावर? तापल्यावरच होत असेल तर कॉइल आतून तुटलेली असू शकते, गरमीनं पसरून तोंडं सुटतात. खड्ड्यात आदळल्यावर होतं? मग कपलर किंवा हार्नेस (वायरींचा जुडगा). मशीन धुतल्यावर किंवा पाऊस पडल्यावर होतं? पाणी शिरलंय. फक्त रिव्हर्समध्ये होतं? याकडं विशेष लक्ष द्या, त्याचं कारण पुढं येतं. नुकतंच बकेटला वेल्डिंग केलंय? अर्थ क्लॅम्प लांब लावून आणि बॅटरी न सोडता वेल्डिंग केलं असेल, तर करंट कुठून कुठं फिरला असेल सांगता येत नाही.

स्पीडोमीटरचा काटा त्या वेळी शून्यावर पडतो का, हेही विचारा. पडत असेल तर आउटपुटचा सिग्नल खरंच तुटतोय. काटा जागेवर असून गिअरच घसरत असेल तर गोष्ट निराळी.

काम सुरू करताना

मशीन सपाट जागी, बकेट जमिनीवर, पार्किंग ब्रेक, चाकांना ओट, आणि मधे सांधा असलेली मशीन असेल तर आर्टिक्युलेशन लॉक लावलेला. इंजिन चालू असताना कुणीही खाली जायचं नाही. आउटपुटचा सिग्नल बघायला मशीन चालवावीच लागते, त्यासाठी मीटरच्या लांब वायरी केबिनमध्ये घ्या आणि मोकळ्या जागेत हळू चालवा. जॅकवर चाकं उचलून गिअर टाकायचा उद्योग करू नका. चारही चाकांना ड्राइव्ह असलेल्या मशीनचं एखादं चाक जरी टेकलं तरी ती जॅकवरून उडी मारते.

मोजायला सुरुवात कंट्रोलरकडून

बहुतेक फिटर थेट मशीनखाली शिरून सेन्सरचा कपलर काढतात. मी आधी केबिनमधल्या कंट्रोलरचा प्लग काढतो. जागा कोरडी असते, बसून काम होतं, आणि तिथल्या एका रीडिंगमध्ये सेन्सर, दोन्ही वायरी आणि मधले सगळे कपलर एकदम तपासून होतात. खाली जाऊन कपलर हलवला की सैल पिन तात्पुरती बसते, दोष लपतो, आणि चार दिवसांनी परत फोन येतो.

चावी बंद, मेन स्विच बंद. प्लग काढून डायग्रामप्रमाणे सेन्सरच्या दोन पिना शोधा. मीटरची जाड टोकं पिनांत कोंबू नका, सॉकेटची पकड सैल होते आणि नवाच दोष तयार होतो. मापाची टेस्ट पिन वापरा.

मॅग्नेटिक पिकअप असेल तर दोन पिनांमध्ये ओहम मोजा. मॉडेलप्रमाणे काही शे ते अडीच-तीन हजार ओहम मिळतात, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. मीटर काहीच दाखवत नसेल तर कुठंतरी तुटलंय, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. मग एकेक पिन आणि चेसिस यांच्यात मोजा. तिथं मीटर उघडंच, म्हणजे जोड नसल्याचं, दिसायला हवं. काही हजार ओहम जरी दिसले तरी कपलरमध्ये पाणी शिरलंय किंवा वायर कुठंतरी घासून लोखंडाला टेकतेय. मेगर (जास्त व्होल्टेज सोडून इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायचा मोह आवरा. कंट्रोलर किंवा हॉल सेन्सर जोडलेला असताना मेगर लावला तर आधी जे चांगलं होतं तेही जाईल.

ओहमचा आकडा तापमानावर फिरतो हे ध्यानात ठेवा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना १,००० ओहम दाखवणारी कॉइल ८० अंशांना १,२३५ च्या आसपास दाखवेल. दुपारी तापलेल्या बॉक्सवर मोजून ‘रेझिस्टन्स वाढलाय’ म्हणू नका. आकडा हळूहळू वाढत गेला तर ठीक. तापताना मधेच एकदम उघडं दाखवून परत आला तर मात्र कॉइल खरंच गेलेली आहे.

आकडा बरोबर आला तर मीटर मिनिमम-मॅक्सिमम मोडवर टाका, एकाला केबिनमध्ये बसवा आणि दुसऱ्यानं हार्नेस टोकापासून हातभर-हातभर हलवत यायचं. क्लिपमधून वायर वळते तिथं, बॉक्सच्या कडेला घासते तिथं, आणि हार्नेस मशीनच्या सांध्यातून जात असेल तर तिथं, जास्त वेळ द्या.

मीटरला फसवणारा एक दोष असतो. आतली तार तुटत आलेली, एक-दोन केस शिल्लक. ओहममीटर अगदी बारीक करंट सोडतो, त्याला तेवढे केस पुरतात, म्हणून वायर चांगली दिसते. यावर जुनाच इलाज: वायर दोन्ही टोकांनी सोडवा आणि तिच्यातून इंडिकेटरचा २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब पेटवा. साधारण ०.९ अँपिअर जातात. बल्ब झगझगीत पेटला तर वायर चांगली, मंद पेटला तर बदला. पुन्हा सांगतो, दोन्ही टोकं सोडवून. कंट्रोलर जोडलेला असताना बल्ब लावाल तर नवा कंट्रोलर घ्यावा लागेल.

हॉल सेन्सरचं निराळं

इथं सप्लायपासून सुरुवात. सेन्सरचा कपलर काढा, चावी चालू करा, हार्नेसच्या बाजूला सप्लाय आणि ग्राउंड पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. मशीनप्रमाणे ५, ८, १२ किंवा २४ व्होल्ट असेल. मिळत नसेल तर मीटरचं काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावून परत मोजा. आता व्होल्टेज आलं तर दोष ग्राउंडच्या वायरीत आहे. ५ व्होल्टचा सप्लाय पुष्कळदा दोन-तीन सेन्सरना सामायिक असतो. शेजारचा प्रेशर सेन्सर शॉर्ट झाला तरी ओरड स्पीड सेन्सरच्या नावानं होते. अशा वेळी त्या सप्लायवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो चोर.

सिग्नल बघताना सेन्सर जोडलेलाच ठेवा आणि कपलरच्या मागून बारीक टोक घाला. बऱ्याच हॉल सेन्सरचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे तो फक्त सिग्नलची वायर ग्राउंडला ओढतो आणि सोडतो. वरचं व्होल्टेज कंट्रोलर देतो. असा सेन्सर टेबलावर नुसता सप्लाय देऊन तपासला तर काहीच दिसणार नाही. टेबलावरच बघायचा असेल तर सप्लाय आणि सिग्नलमध्ये दोन-चार हजार ओहमचा रेझिस्टर टाका आणि तोंडासमोरून लोखंडी पाना फिरवा. व्होल्टेज खाली-वर झालं पाहिजे.

फिरताना काय दिसतं

टर्बाइनचा सेन्सर मशीन जागेवर उभी ठेवूनही तपासता येतो. न्यूट्रलला, आयडलवर टर्बाइन जवळपास इंजिनच्याच वेगानं फिरतं. स्कॅनरवर दोन्ही आकडे शेजारी ठेवा. आता सर्व्हिस ब्रेक दाबून गिअर टाका, टर्बाइनचा वेग शून्यावर यायला हवा. लोडरला ब्रेक दाबला की ट्रान्समिशन तोडणारा कट-ऑफ स्विच असतो, तो आधी बंद करा, नाहीतर टर्बाइन फिरतच राहील आणि तुम्ही गोंधळाल. काही सेकंदच बघायचं, तेल तापतं.

मॅग्नेटिक पिकअपला मीटर एसी व्होल्टवर लावा. इंजिन रेझ केलं की आकडा सलग वाढला पाहिजे. वाढता वाढता थबकला किंवा नाचला तर गॅप किंवा दात. मीटरला हर्ट्झ मोजायची सोय असेल तर उत्तमच. दातांची संख्या गुणिले आरपीएम, भागिले ६०, एवढाच हिशेब. ४८ दातांच्या गिअरला ८०० आरपीएमवर ६४० हर्ट्झ यायला हवेत.

गॅप, दात आणि तोंडावरचा कीस

वायरिंग निर्दोष निघालं तर मग सेन्सर बाहेर काढा. आधी भोवतालची माती हवेनं उडवा, नाहीतर तीच बॉक्समध्ये पडेल. सेन्सर तेलाच्या पातळीखाली असेल तर खाली डबा धरा.

तोंडाला राखाडी, मऊ कीस चिकटलेला असतोच. चुंबक असल्यावर तो येणारच, पुसून टाका. पण चमकणारे कण, पापुद्रे किंवा तुकडे दिसले तर सेन्सरचा विषय तिथंच थांबवा, फिल्टर कापून बघा आणि तळाचा स्ट्रेनर काढा. आतलं बेअरिंग किंवा क्लच जातोय.

टॉर्च लावून भोकातून गिअरचे दात बघा, शक्य असेल तर गिअर पूर्ण एक फेरी फिरवून. एक दात जरी तुटला असेल तरी दर फेरीला एक पल्स गळते. मीटरला ते दिसत नाही, ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) लगेच दिसतं. दोन चॅनेलचा स्वस्तातला हातातला स्कोप आता कुठल्याही वर्कशॉपला परवडतो. तोच तो नवा सेन्सर दोनदा घेण्यापेक्षा तो घ्यावा.

आट्यांचा सेन्सर बसवताना भोकाच्या मधोमध दाताचा माथा आणा, दोन दातांमधली खाच नको. खाचेत सेन्सर टेकवला तर पहिल्याच फेरीला दात त्याचं तोंड उडवतो. हातानं फिरवत माथ्याला हलकेच टेकवा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढा मागं घ्या. १.५ मिलिमीटर पिचचा आटा अर्धा फेरा मागं घेतला की ०.७५ मिलिमीटर गॅप पडतो. लॉकनट आवळताना सेन्सर बरोबर फिरू देऊ नका. फ्लॅंजचा सेन्सर असेल तर व्हर्नियरनं खोली मोजा, आणि कंपनीचा शिम (पातळ पत्री चकती) होता तेवढाच परत घाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बुश, शाफ्ट, पिन काहीही हुबेहूब करून मिळतं, त्याबद्दल वाद नाही. पण ‘सेन्सर जरा लांब होतोय, खाली वॉशर टाकू’ हा उद्योग तिथंही करून घेऊ नका.

आता फक्त रिव्हर्समध्ये येणाऱ्या दोषाबद्दल. तिरक्या दातांचा गिअर ताकद घेताना शाफ्टला एका बाजूला ढकलतो, दिशा उलटली की दुसऱ्या बाजूला. बेअरिंग झिजून शाफ्टला खेळ आला असेल तर एका दिशेत सेन्सरसमोरचा दात सरकतो आणि सिग्नल पडतो. डायल गेजनं शाफ्टचा खेळ मोजा. जास्त असेल तर गॅप कमी करून वेळ मारून नेता येते, पण ते बेअरिंग थांबणार नाही.

सेन्सर खोटं बोलतोय की क्लच घसरतोय?

‘गिअर रेशो चुकीचा’ अशा अर्थाचा कोड आला की लोक सेन्सरवर संशय घेतात. समजा त्या गिअरचा रेशो २.२ आहे, टर्बाइन १,६५० आणि आउटपुट ७५० आरपीएम. ७५० गुणिले २.२ म्हणजे १,६५०. सगळं ठीक. त्याच टर्बाइनला आउटपुट ६०० दिसला तर एकतर क्लच घसरतोय, नाहीतर आउटपुटच्या पल्स गळतायत. निकाल लावायचा सोपा मार्ग म्हणजे मोबाइलचं जीपीएस. सपाट रस्त्यावर त्या गिअरला मशीन चालवा, मोबाइलचा वेग आणि मशीनच्या डिस्प्लेवरचा वेग ताडून बघा. टायर झिजल्याचा थोडा फरक धरून दोन्ही जुळले तर आउटपुट सेन्सर खरं सांगतोय, मग क्लचचं प्रेशर तपासा. डिस्प्ले मागं पडत असेल तर सेन्सर, गॅप, वायर. घसरण चढाला, भरल्या बकेटला आणि तेल तापल्यावर वाढते. सिग्नलचा दोष भार बघत नाही, धक्का बघतो.

कपलर

टोपच्या एका क्रशरवरचा लोडर. रॅम्प चढताना तिसरा गिअर सुटायचा, सपाटीला काही नाही. खालचा कपलर उघडला तर आतला रबरी सील एका कडेला दुमडलेला आणि त्या फटीतून शिरलेली दगडाची भुकटी पाण्यात कालवून लापशीसारखी घट्ट बसलेली. तीन पिनांतली मधली हिरवी-काळी, आणि नीट बघितलं तर बाकी दोघींपेक्षा किंचित आत गेलेली. वायरीनं ती मागं ओढली गेली होती. सेन्सर मोजला तर ठणठणीत.

म्हणून कपलर उघडला की तीन गोष्टी बघा: सील सरळ आहे का, सगळ्या पिना एका पातळीत आहेत का, आणि एकेक वायर हलकेच ओढल्यावर पिन मागं येते का. हिरवा गंज ब्रशनं घासून पिन चमकते, पण तिची पकड परत येत नाही. पिनच बदला. वायर जोडायची असेल तर योग्य क्रिंप आणि वर गोंदाची हीट श्रिंक ट्यूब. पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड गगनबावड्याच्या पावसात एक हंगामही काढत नाही. मॅग्नेटिक पिकअपच्या दोन वायरी एकमेकींत पिळलेल्या असतात, त्या दुरुस्तीनंतरही पिळलेल्याच ठेवा आणि अल्टरनेटर-स्टार्टरच्या जाड केबलपासून लांब न्या. सरळ सोडल्या तर त्या शेजारच्या केबलची विजेची गडबड पकडतात आणि कंट्रोलरला नसलेला वेग दिसतो. उभ्या मशीनला वेग दिसत असेल तर बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. इंजिन चालू असताना अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अल्टरनेटरचा डायोड बघा.

बगॅस यार्डातल्या मशीनला बॉक्सवर साचलेला भुसा आठवड्याला काढलाच पाहिजे. उंदरांना ऊब आणि आडोसा दोन्ही मिळतं, वर कुरतडायला वायरीही. आणि २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात उभी राहिलेली जुनी मशीन कुणी घेत असेल तर इंजिनचं तेल बघण्याआधी ट्रान्समिशनचे कपलर उघडून बघा. पाणी ओसरलं तरी पिनांवरचा गंज वर्षानुवर्षं पुढं सरकत राहतो.

सेन्सर बदलायचाच झाला तर

पार्ट नंबर जुळवा, नुसता आटा जुळून चालत नाही. दिसायला सारखे दोन सेन्सर आतून वेगळ्या जातीचे असू शकतात. ओ-रिंग नवीन, तिला ट्रान्समिशनचंच तेल लावा, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. मशीनवर त्याच नंबरचा दुसरा सेन्सर असेल तर नवा मागवण्याआधी दोघांची अदलाबदल करा. कोड सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर खराब, जागेवरच राहिला तर पैसे वाचले.

सेन्सर, वायर, गॅप, सप्लाय सगळं बरोबर, सिग्नल कंट्रोलरच्या पिनपर्यंत पोचतोय, तरी स्कॅनर शून्य दाखवतोय, तेव्हाच कंट्रोलरवर बोट ठेवा. आणि आकडा कंट्रोलरला दिसतोय पण डिस्प्लेला नाही, असं असेल तर कॅन लाइन (कंट्रोलर आणि डिस्प्ले ज्यावरून बोलतात ती दोन वायरींची जोडी) बघा. मेन स्विच बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो मध्ये ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर टोकाचा एक रेझिस्टर किंवा मधली वायर सुटलीय.

काम झाल्यावर कोड पुसा, तेल कामाच्या तापमानाला येईपर्यंत मशीन चालवा, भरल्या बकेटनं सगळे गिअर दोन्ही दिशांना घ्या आणि परत स्कॅन करा. मॅन्युअलमध्ये क्लच कॅलिब्रेशन सांगितलं असेल तर तेही करा. मग मशीनच्या वहीत लिहा: कॉइलचे ओहम, तेव्हाचं तापमान, आयडलचं एसी व्होल्ट, गॅप, आणि कुठल्या कपलरची पिन बदलली. पुढच्या पावसाळ्यात हाच दिवा लागला की तुलना करायला हे आकडे लागतील, मग तेव्हा फिटर कुणीही असो.